दोन इंच वर

काकू कुठल्याही गाडीत बसल्या की आधी डोळे मिटायच्या. किल्ली लावायच्या आधी, गाडीचं वय विचारायच्या आधी. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या तशाच बसून राहायच्या. विकणाऱ्या माणसाला वाटायचं, बाईंना घेरी आली. तो माझ्याकडे बघायचा आणि मी समोरच्या झाडाकडे. थोड्या वेळानं काकू डोळे उघडायच्या, पदर सावरत खाली उतरायच्या आणि शांतपणे सांगायच्या, की ही नको.

कारण विचारलं तर तेही सांगायच्या. एका नव्या पांढऱ्या गाडीत त्यांना आपण कोणाकडे तरी पाहुण्या आल्यासारखं वाटलं. एका पिकअपमध्ये आपण माल आहोत असं वाटलं. नागपूरच्या एका दुकानात भलीमोठी, आत गार हवा सोडणारी गाडी होती. तीत त्या इतका वेळ डोळे मिटून राहिल्या की दुकानातला पोरगा पाणी घेऊन आला. बाहेर येऊन म्हणाल्या, झोप चांगली लागेल, पण दिसत काहीच नाही.

शेवटी पांढुर्ण्याला, मंडीच्या मागे, एका संत्रा व्यापाऱ्याच्या गोदामात उभी असलेली जुनी जीप बघायला आम्ही गेलो. वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी दरवाजेच नाहीत, रंग कधीकाळी हिरवा असावा. आत संत्र्याच्या सालीचा आणि डिझेलचा मिळून एक वास भरून राहिला होता. काकू बसल्या, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"याच्यात हे दिसले," त्या म्हणाल्या.

'हे' म्हणजे काका. ते त्या वेळी सौसरच्या घरी, आतल्या खोलीत खाटेवर पडून होते.

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या सौसरच्या टपाल कचेरीत होते. नगरकडून बदली होऊन आलेली, एकटी, आणि इथली मराठी ऐकून पहिले काही दिवस गालातल्या गालात हसणारी. 'जाऊन राहिली', 'खाऊन राहिली', 'झोपून राहिले'. मला वाटायचं, या गावात प्रत्येक गोष्ट अजून चालूच आहे, संपत काहीच नाही. काकूंनी मला घराची पुढची खोली भाड्यानं दिली होती. रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, समोर विजेचा खांब, पलीकडे कडुनिंब. आत ते दोघं. मुलगा नागपूरला नोकरीला.

काकूंची साठी उलटली होती. बारीक अंगकाठी, सुती पातळ आणि पायांत कॅनव्हासचे बूट. माहेर बोरगावचं. लग्नाआधी बापाच्या संत्र्याच्या बागेत त्या ट्रॅक्टर चालवत. लग्नानंतर जवळपास सगळं आयुष्य त्यांनी कुठल्याच स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि आता म्हातारपणी जीप घ्यायला निघाल्या, याचं कारण एक शब्द होता.

काका वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे सगळी गेली नाही, एक शब्द उरला. 'वर.' तहान लागली तरी 'वर', कूस बदलायची असली तरी 'वर', मुलगा नागपूरहून आला तरी त्याच्याकडे बघून 'वर'. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा झटक्यानंतर कधी कधी एखादाच शब्द जिभेवर राहून जातो, त्याला अर्थ असेलच असं नाही.

अर्थ मात्र सगळ्यांनी लावले. शेजारच्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, वरचं बोलावणं आलं. काकूंनी काकांना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेलं, तिथे आरतीच्या वेळी ते मोठ्यानं 'वर' म्हणाले, तेव्हा बाजूच्या एका गृहस्थांनी हात जोडले. त्यांना वाटलं, आजारी माणूस देवाकडे वर मागतो आहे. काकूंनी या कोणालाच खोडून काढलं नाही. पण त्यांचं स्वतःचं पक्कं ठरलेलं होतं.

"त्याइले पठारावर जायचं आहे, पोरी," त्या मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. "दुसरं काही नाही. पठारावर."

सौसरच्या उत्तरेला डोंगर चढत जातात, त्यात वर एक सपाटी आहे. काका नोकरीला लागले तेव्हा तिथे एक लहान वस्ती होती, आणि तिथपर्यंत वीज नेणाऱ्या टोळीत काका होते. खांब बैलगाडीनं वर नेले, त्यासाठी जंगलातून एक वाट काढली. पुढे ती वस्तीच खाली सडकेच्या कडेला येऊन राहिली, तारा काढून नेल्या, वाट ओहोळानं खाल्ली. पण काका आयुष्यभर त्या पठाराबद्दल बोलत राहिले होते. तिथून सगळा मुलूख दिसतो, संत्र्याच्या बागा, जाम नदी, आगगाडी. 'तुले एक दिवस नेतो,' असं ते काकूंना म्हणत. नेणं काही झालं नाही. लाइनमनला सुट्टी कुठची, वादळ आलं की रात्री-अपरात्री सायकल काढायची. आता ते 'वर' म्हणतात म्हणजे तेच म्हणतात, असं काकूंनी धरलं, आणि त्या दिवसापासून त्यांना गाडी हवी झाली. जी रस्ता नसलेल्या जागी जाईल अशी.

जीप घरी आल्यावर पहिल्याच रविवारी काकू आणि मी दोघीच त्या वाटेला गेलो. पळस अजून फुललेला नव्हता. पहिलं मैलभर अंतर जीप गुरगुरत गेली, मग ओहोळाच्या उतारावर एका दगडावर पोटानं बसली. चारही चाकं जमिनीला नुसती शिवत होती, पकड कशालाच नव्हती. काकू खाली उतरल्या, पातळाची पर्वा न करता जमिनीवर आडव्या झाल्या आणि गाडीच्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं होतं, त्या आता हिरमुसतील. उठल्या तेव्हा त्यांच्या गालाला माती लागली होती आणि चेहरा अगदी प्रसन्न होता. कुठे अडतं ते कळलं, असं म्हणाल्या. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला मागे ओढून काढलं.

पांढुर्ण्याला नागपूर रस्त्यावर एक मिस्त्री होते, जुन्या जीपा दुरुस्त करणारे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी जीपखाली दिवा धरून काकूंना दाखवलं की दोन मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो तो सगळ्यांत खाली, अडतो तो तोच.

"चाकावरच्या कमानी वाढवल्या तर गाडीचं अंग वर जाते, पण हा गोळा जागेवरच राहते," ते म्हणाले. "गोळा उचलायचा तर टायर मोठं पाहिजे. अन् मोठं टायर बसवाचं तर अंग वर पाहिजे, नाही तर घासते."

काकूंना हे फार आवडलं. घरी येताना त्या दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाल्या, अंग वर पाहिजे, नाही तर घासते.

मग सुरू झाले ते रविवार. मिस्त्रींकडून गोळ्याची जमिनीपासूनची उंची मोजून घेऊन काकूंनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचे पाय सुताराकडून तेवढेच कापून घेतले. ते स्टूल घेऊन आम्ही वाटेनं चालत जायचो. दगड आला की तो चार पायांच्या मधे येईल असं काकू त्यावर स्टूल ठेवायच्या. दगडाचं डोकं फळीला लागलं, तर गेरूनं त्यावर एक ठिपका. नाही लागलं, तर पुढे. गुरं चारणारे लोक थांबून बघायचे. एक बाई जंगलात येते, दगडावर स्टूल ठेवते, बसत मात्र नाही, स्टूल उचलते आणि पुढच्या दगडाकडे जाते. मला आठवतं ते त्या सकाळचं ऊन, सागाची मोठी वाळकी पानं पायाखाली वाजणारी, आणि पुढे काकूंची बारीक पाठमोरी आकृती, डोक्यावर स्टूल. कधी कधी मी मागे रेंगाळायचे, आणि मला वाटायचं की या बाईंना आपण खरंच ओळखतो की झोपेत बघतो आहोत.

दुसऱ्या फेरीला स्टुलाच्या पायांना लाकडी तुकडे ठोकून ते उंच केलं होतं. म्हणजे मोठी टायरं लावल्यावर गोळा जिथे येईल तिथपर्यंत. आता ठिपके थोडे उरले. ते दगड आम्ही पहारीनं बाजूला सरकवले.

मिस्त्रींनी जीपचं अंग दोन इंच वर घेतलं. कमानींना एकेक पट्टी वाढवली, लांब शॉकअप घातले, ब्रेकचे पाइप नव्यानं टाकले. टायरं मोठी, खोल नक्षीची. काकूंना याहून मोठी हवी होती, पण मिस्त्री म्हणाले की गाडीला पासिंग पाहिजे असेल तर एवढंच, आणि शिवाय गाडी जितकी उंच तितकी कलायला सोपी. काकूंनी ते ऐकलं. परिवहन कचेरीत जाऊन त्यांनी स्वतः विचारूनही घेतलं.

हे सगळं झाल्यावर मिस्त्री हात पुसत उभे राहिले आणि जरा अवघडून म्हणाले, "एक सांगू का, काकू? तुम्ही गाडी वर करून राहिल्या. काका कसे चढतीन?"

काकूंनी सीटच्या कडेवर हात ठेवून उंची पाहिली. मला त्यांची दया आली, कारण हा प्रश्न इतका साधा होता आणि दोन महिने तो आम्हाला कोणालाच पडला नव्हता. काकांना चाकाच्या खुर्चीतून साध्या मोटारीत बसवायचं तरी दोन माणसं लागत. इथे सीट माझ्या छातीपर्यंत आली होती. जितकं त्यांना न्यायचं पक्कं केलं, तितकी गाडी त्यांच्यापासून लांब गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अंगणात विटा उतरत होत्या.

काकूंनी अंगणात ओटा बांधला. उंची बरोबर जीपच्या सीटएवढी, आणि घराच्या दारापासून ओट्यापर्यंत लांब, सावकाश चढणारा उतार. खुर्ची उतारावरून ढकलत ओट्यावर न्यायची, जीप मागे घेत ओट्याला लावायची, मधे एक गुळगुळीत फळी, आणि काकांना त्यावरून सरकवत सीटवर. गल्लीतल्या लोकांना वाटलं, देवाचा ओटा आहे. ओला असतानाच कोणीतरी त्यावर जास्वंदीचं फूल ठेवून गेलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं, कोणता देव बसवून राहिली? काकू म्हणाल्या, घरातलाच आहे.

मुलाला हे फोनवर कळलं तेव्हा तो फार संतापला. त्याचं चुकत नव्हतं. आईनं म्हातारपणी जीप चालवावी, तीही जंगलात, आणि शेजारी ज्यांना हललेलं सोसत नाही असे वडील. वर काही झालं तर खाली आणणार कोण? काकू ऐकून घ्यायच्या. एकदा मात्र फोन ठेवल्यावर त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या की तो म्हणते ते बरोबरच आहे, पण इथं खाटेवर तरी काय होऊन राहिलं?

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्तदाब तपासला, गोळ्या सांगितल्या आणि धक्के लागू देऊ नका म्हणाले. म्हणून काकू टायरांतली हवा कमी करून गाडी चालवायला शिकल्या. हवा थोडी काढली की टायर मऊ होतं, दगडाला पसरून धरतं, आत बसलेल्याला हिसका कमी बसतो. रोज संध्याकाळी त्या गल्लीत विटा पसरून त्यांवरून जीप नेत. शेजारच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर ठेवलेली असे.

मोठ्या टायरांमुळे आणखी एक गंमत झाली होती. जीपचा काटा आता अंतर कमी दाखवायचा. चाक मोठं, म्हणून तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी. पांढुर्ण्याला जाऊन आलो की आकडा पूर्वीपेक्षा लहान. मिस्त्री म्हणाले, दुरुस्त करून देतो. काकूंनी करू दिलं नाही. रस्ता कमी झाला, असं त्या खुशीत सगळ्यांना सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तो खरंच कमी झाला असेल असं वाटायचं.

काका ओट्यावरून जीपमध्ये बसायला लागले ते माघात. त्या दिवसांत संत्र्याला आंब्या बहर येतो. सबंध सौसर त्या वासात बुडालेलं असतं, कचेरीत पत्रांवर शिक्के मारताना हातालासुद्धा तो वास येतो असं वाटतं. संध्याकाळी काकू काकांना जीपमध्ये बसवायच्या, स्वतः स्टिअरिंगला बसायच्या, आणि इंजिन बंद ठेवून दोघं तिथेच चहा घ्यायचे. बशीतून त्या त्यांना पाजायच्या. मी खिडकीतून बघायचे. अंगणात उभी असलेली जीप, आत दोन म्हातारी माणसं, समोर नुसती भिंत. काका म्हणायचे, "वर." काकू म्हणायच्या, "हो जी. जाऊनच राहिलो."

जायच्या दिवशी पहाटे मुलगा नागपूरहून मोटरसायकलवर आला. तो थांबवायला आला होता, हे त्याच्या चालीवरूनच दिसत होतं. अंगणात आला, ओटा पाहिला, उतार पाहिला. वडील सीटवर बसलेले होते, केस विंचरलेले, मफलर नीट गुंडाळलेला, आणि डाव्या हातानं त्यांनी जीपचा दांडा धरून ठेवला होता. तो त्यांच्याजवळ गेला. काकूंनी बांधलेला पट्टा त्यानं सोडला आणि पुन्हा, अधिक घट्ट, स्वतःच्या हातानं बांधला. मग मोटरसायकल घेऊन आमच्या मागे ओहोळापर्यंत आला आणि तिथे एका दगडावर बसून राहिला.

पांढुर्ण्याचे मिस्त्रीही आले होते, ते पुढे चालत हातानं खुणा करत होते. मी मागे बसले होते, काकांच्या पाठीशी उशी धरून. काकू पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याच्याहून हळू. ज्या दगडावर आम्ही अडकलो होतो तो आला, आणि जीप त्यावरून गेली. मी कान देऊन होते, खालून काहीच आवाज आला नाही.

पठार जवळ आलं तेव्हा वाट उजवीकडे खचलेली होती. मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं, वाकून पाहिलं आणि सावकाश या अशी खूण केली. जीप उजवीकडे कलायला लागली. गाडी जितकी उंच तितकी कलायला सोपी, हे मिस्त्रींचं बोलणं मला आठवलं आणि मी उशी आणखी घट्ट धरली. काकूंच्या बाजूला दरी होती. त्यांनी समोरून नजर काढली नाही. आणि मग मी पाहिलं की काकांनी डाव्या हातानं बाहेरचा दांडा घट्ट पकडला आहे आणि आपलं सगळं शरीर डावीकडे, डोंगराच्या बाजूला झोकलं आहे. कोणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाला खाटेवर कूस बदलता येत नव्हती, तो तोल सावरत होता. खांबावर आयुष्य घालवलेल्या त्या अंगाला तेवढं अजून येत होतं. मीही तिकडे कलंडले. जीप क्षणभर तशीच राहिली, मग चाकांनी धरलं आणि आम्ही सरळ झालो.

"पाहिलं का, त्याइनं चालवली," काकू इतकंच बोलल्या.

पठारावर पिवळं गवत होतं आणि वारा. काकूंनी जीप अगदी कडेला नेली, दक्षिणेकडे तोंड करून उभी केली आणि इंजिन बंद केलं. खाली सगळा मुलूख पसरला होता. बागांचे काळसर हिरवे चौकोन, कापूस वेचून झालेली मोकळी शेतं, नदीची वाकडी रेघ, आणि खूप दूर धुक्यात कुठेतरी पांढुर्ण्याकडे जाणारी आगगाडी, तिचा आवाज तेवढा उशिरानं येणारा. बहराचा वास इतक्या वरपर्यंत येत होता की आमच्या कपड्यांना लागून आला होता, कोण जाणे. काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या आयुष्यभर थांबल्यासारख्या वाट बघत होत्या.

काका खाली बघतच नव्हते. ते मान मागे वळवायचा प्रयत्न करत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. "वर," ते म्हणाले. "वर. वर."

मिस्त्रींच्या लक्षात आलं. आमच्या मागे, पन्नासेक पावलांवर, एक खांब उभा होता. तारा नसलेला, टोकाशी चिनी मातीच्या वाट्या तशाच. काकूंनी जीप चालू केली, तो सगळा देखावा पाठीशी टाकला आणि खांबासमोर नेऊन उभी केली. काका टोकाकडे बघायला लागले. डावा हात उचलून, बोटानं काही दाखवत, मऊ आवाजात, कोणाला तरी सांगितल्यासारखं: "वर... वर..." त्यांच्या चेहऱ्याची चालणारी अर्धी बाजू हसत होती.

आम्ही तिथे पुष्कळ वेळ थांबलो. उतरताना, खचलेली जागा पार झाल्यावर, काकूंनी सांगितलं. काकांच्या हाताखाली नवीन माणसं यायची. पहिल्यांदा खांबावर चढताना अर्ध्यात त्यांचे पाय थरथरायचे. काका खाली उभे राहायचे आणि ओरडायचे नाहीत, नुसतं हळू हळू म्हणत राहायचे, वर, वर, खाली पाहू नको, वर. हे काकांनीच त्यांना लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. त्या विसरून गेल्या होत्या.

मी मागून म्हणाले, "काकू, खांब तर आपल्या घरासमोरही आहे. माझ्या खिडकीतून दिसतो."

काकूंनी ब्रेक लावला. हातांवर डोकं टेकवून त्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि जीप पुढे काढली. ओहोळापाशी मुलगा उभा राहून आमची वाट बघत होता. वडिलांना पाहिल्यावर तो पुन्हा खाली बसला.

त्याच संध्याकाळी आम्ही खोल्या बदलल्या. माझं सामान आतल्या खोलीत गेलं आणि काकांची खाट पुढच्या खिडकीपाशी आली. ते खांबाकडे बघत पडायचे. त्यावर कावळे बसायचे, साळुंक्या बसायच्या. कधी वीज खात्याची माणसं शिडी लावायची, त्या दिवशी काका जेवायलासुद्धा मान वळवायचे नाहीत. आणि हळूहळू त्यांचा शब्द कमी होत गेला. आधी दिवसातून काही वेळा, मग एखादेच वेळी. पळस फुलून गळेपर्यंत तो बंदच झाला. काका शांत होते, नीट जेवत होते, रक्तदाब बरा होता. फक्त घरात आता कोणी 'वर' म्हणत नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी काकू माझ्या दाराशी येऊन बसल्या.

"पोरी, त्याइच्यापाशी एकच शब्द होता," त्या म्हणाल्या. "तो मी वर नेऊन ठेवून आली."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. खिडकीपाशी काका झोपले होते आणि पंखा फिरत होता.

त्यानंतर एकदा त्यांनी काकांना पुन्हा पठारावर नेलं. या वेळी मुद्दाम जीप दरीकडे तोंड करून लावली, खांब पाठीशी. काका मान वळवतील, मागतील, अशी त्यांची आशा होती. मी आणि मिस्त्री लांब गवतात बसलो होतो. काका निवांत खाली बघत राहिले, ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. थोड्या वेळानं मला ऐकू आलं, काकूच म्हणत होत्या, "वर?" अगदी हळू, लहान मुलाला शिकवावं तसं. पुन्हा एकदा, "वर?" काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. उजवा हात काकूंच्या बाजूचा, तो तर निकामी. म्हणून त्यांनी डावा हात स्वतःच्या अंगावरून पलीकडे नेला, आणि गिअरवर ठेवलेल्या काकूंच्या हातावर ठेवला. तो तिथेच राहिला. काकूंनी नंतर विचारलं नाही. त्या दोघांनी मिळून ती सगळी दुपार बघितली.

माझी बदली झाली त्या वेळी पावसाळा सरला होता. काकू म्हणाल्या, पांढुर्ण्याला स्टेशनवर आम्हीच सोडू. काका पुढे, मी मागे सामानात. आता ते ओट्यावरून इतक्या सहज सीटवर सरकत की बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामालाच निघाला. काकू सावकाश चालवत होत्या, बाजूनं ट्रक, बैलगाड्या, सायकलीसुद्धा पुढे जात होत्या.

स्टेशनाबाहेर त्यांनी जीप कुंपणाजवळ लावली. काकांना उतरवणं शक्य नव्हतं, तिथे ओटा कुठला. मी पाया पडायला म्हणून त्यांच्या बाजूला गेले. फलाटावर गाडीची घोषणा झाली होती. काका मान वर करून बघत होते. रुळांवरून जाणाऱ्या विजेच्या जाड तारा, त्यांना तोलून धरणारे लोखंडी हात, एकामागून एक, इटारसीच्या दिशेनं लांबपर्यंत. डोळे एका खांबावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जात होते, जागोजागी थांबत होते. मी त्यांच्या पायाला हात लावला, त्यांना कळलं नाही. मी हाक मारली. मग निरोप घेतल्याशिवाय जाववेना म्हणून तशीच उभी राहिले.

काकूंनी माझी पिशवी उचलली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्याइले राहू दे," त्या म्हणाल्या. "ड्युटीवर आहेत."